धागा: बोटीवरचे स्टिकर निघाले, चिकटा निघत नाही. काय करावं?

उलटं_वल्हं (धागाकर्ता)

फायबरची बोट, पांढरा जेलकोट (फायबरवरचा रेझिनचा चकचकीत थर), वर रंग मारलेला नाही. दोन्ही अंगांना व्हिनाइलची अक्षरं आणि एक लांब पट्टा होता. बारा वर्षं ऊन खाल्लेलं व्हिनाइल, त्यामुळे काढताना नखाएवढे तुकडे पडले. वरचा पापुद्रा आला, पिवळट चिकटा मागे राहिला. त्याशिवाय:

– फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेली रबराची पट्टी काढली, तिचा फोम आणि डिंक तसाच आहे.
– डेकवर ईव्हीए फोमची मॅट होती, तिचा डिंक खरखरीत नक्षीत बसलाय.
– दोन क्लीटांभोवती (दोर बांधायचे धातूचे खुंट) जुनं सीलंट आहे. कुठलं ते माहीत नाही.

साबणाच्या पाण्याने काहीही होत नाही. ॲसिटोन लावलं की चिकटा आधी विरघळल्यासारखा वाटतो, मग फडक्याबरोबर पसरतो आणि मिनिटभरात पुन्हा घट्ट. आधी बोटभर जागेत होता, आता वीतभर जागेत आहे. जेलकोट न बिघडवता हे कसं काढायचं?

---

साडेतीन_गाठी

ॲसिटोनचा डबा बंद करून ठेवा. तुमच्याकडे एक चिकटा नाही, निदान चार आहेत आणि चौघांचा इलाज वेगळा.

आधी ओळख. अंगठ्याने जोर देऊन चोळा.

गोळ्या होऊन वळतो, म्हणजे ॲक्रिलिक डिंक. व्हिनाइल स्टिकर, फोम टेप आणि बहुतेक ईव्हीए मॅट यांचा हाच.
पिवळा-तपकिरी, काचेसारखा ठिसूळ, नखाने खपली उडते, म्हणजे रबरी डिंक. उन्हात विसरलेल्या मास्किंग टेपचा असतो.
नख रुतवलं तर खड्डा पडतो आणि परत भरून येतो, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट.
बोट घसरतं, पाणी थेंब-थेंब होऊन पळतं, मार्कर उमटत नाही, म्हणजे सिलिकॉन. हे निघालं तर वाईट बातमी, सीलंटच्या प्रतिसादात सांगतो.
ओढलं की च्युइंगमसारखी तार येते, म्हणजे ब्यूटाइल (रबरी सीलंट). त्याचाच थोडा गोळा त्याच्यावर दाबून उचलत राहिलं की बराचसा निघतो, उरलेला मिनरल टर्पेंटाइनने.

मग खालचा पृष्ठभाग. रंग मारलेला नाही असं म्हणताय, तरी एकदा खात्री करा. लपलेल्या कोपऱ्यात (फळीखाली वगैरे) पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन दहा सेकंद धरा. रंग फडक्यावर आला किंवा जागा चिकट झाली तर तो एकघटकी (हार्डनर न मिसळता मारलेला) रंग आहे, त्यावर ॲसिटोन, झायलीन, थिनर यातलं काहीच चालणार नाही. काही झालं नाही तर जेलकोट किंवा दोनघटकी पॉलियुरेथेन. यात एक फसगत होते: जुना जेलकोट ऊन खाऊन खडूसारखा झालेला असतो आणि ती पांढरी भुकटीही फडक्यावर येते. म्हणून आधी जागा धुऊन, वाळवून, कोरड्या फडक्याने पुसून बघा. कोरड्यानेही पांढरं येत असेल तर ती भुकटी, रंग नव्हे.

---

द्रावक

ॲसिटोनने नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. उभ्या अंगावर लावलं तर अर्ध्या मिनिटात उडालेलं असतं. तेवढ्या वेळात डिंकाचा फक्त वरचा थर मऊ होतो, तुम्ही तो चोळता, ॲसिटोन उडून जातं आणि मऊ झालेला डिंक नव्या जागी बसतो.

दुसरं म्हणजे व्हिनाइलखालचा ॲक्रिलिक डिंक साखरेसारखा विरघळणारा नाहीच. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे तो फुगतो. भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा. फुगला की पृष्ठभागावरची पकड सुटते आणि तो सलग उचलता येतो. तेव्हा विरघळवून पुसून काढायच्या मागे लागू नका. फुगवायचा आणि उचलायचा. त्याला लागतो वेळ, आणि वेळ देतं हळू उडणारं द्रावण.

कृती अशी:

१. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मीठ आणि धूळ राहिली तर फडक्याखाली तीच घासकागदाचं काम करते.

२. साधारण ३० × ३० सेंटीमीटरचा तुकडा निवडा. अख्खं अंग एकदम घेऊ नका.

३. टिश्यूचे दोन थर ठेवून मिनरल टर्पेंटाइनने किंवा लिमोनीनच्या (संत्र्याच्या सालीपासूनच्या) क्लीनरने भिजवा. २५ मिलिलिटर पुरतं. खाली ओघळ येत असेल तर जास्त झालं.

४. वर स्वयंपाकघरातली चिकटफिल्म दाबून बसवा, कडांची हवा काढा. आता उडणार नाही आणि घसरणारही नाही.

५. रबरी डिंकाला ५ मिनिटं, ॲक्रिलिकला १५. जुन्या चिकट्याला ३० लागली तरी घाबरू नका, मधे एक कोपरा उचलून बघत राहा. तयार झालेला डिंक धुरकट दिसतो आणि कडेला सुरकुततो.

६. फिल्म एका टोकापासून गुंडाळत जा आणि मागोमाग प्लॅस्टिकचा स्क्रेपर ३० अंशांत धरून एकाच दिशेने ढकला. पुढेमागे नको. प्रत्येक फेरीनंतर धार पुसा, नाहीतर काढलेलं परत लावत बसाल.

७. उरलेल्या पातळ थराला दोन फडके: एका हातात भिजलेला, दुसऱ्यात कोरडा. भिजलेला एकदा फिरवायचा आणि तो वाळायच्या आत कोरड्याने उचलायचा. फडक्याची घडी दर वेळी बदलायची. रंगीत फडका नको, त्याचा रंग सुटून जेलकोटमध्ये बसतो.

८. शेवटी भांडी धुवायच्या साबणाचं कोमट पाणी. टर्पेंटाइन आणि लिमोनीन दोन्ही तेलकट थर मागे ठेवतात.

तुम्ही पसरवून ठेवलेला वीतभर डिंक पातळ आहे, तो पहिल्याच फेरीत येईल. मूळ पट्ट्याच्या जागेला दोन फेऱ्या लागतील.

---

गरम_हवा

एवढा खटाटोप? हीट गन घ्या, गरम करा, ओढा. पाच मिनिटांचं काम.

---

द्रावक

व्हिनाइल जागेवर असेल तर मान्य. त्यांचं व्हिनाइल निघून गेलंय. नुसता डिंक तापवला तर तो पातळ होऊन पसरतो, कारण ज्याला धरून तो वर यायचा ते कापडच उरलेलं नाही.

---

गरम_हवा

बरोबर, पहिली ओळ नीट वाचली नव्हती. पण तुकडे पडलेत म्हणजे कुठे ना कुठे व्हिनाइल शिल्लक असेलच. दुसऱ्या अंगासाठीही उपयोग होईल, म्हणून उष्णतेचं लिहून ठेवतो.

साध्या हीट गनच्या तोंडाशी हवा ३०० ते ६०० अंशांची असते. जेलकोट पॉलिएस्टरचा, तो ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. त्याहून जास्त तापला तर पिवळा पडतो, फोड येतात, आणि आत फोमचा गाभा असेल तर तोही बिघडतो. म्हणून हेअर ड्रायर बरा. हीट गन असेलच तर सर्वांत कमी आकड्यावर, एक वीत लांब, आणि हात थांबवायचा नाही. तापवलेल्या जागी तळहात ठेवून बघा. तीन-चार सेकंद ठेवता येत नसेल तर जास्त झालं. गडद रंगाची बोट उन्हात आधीच तापलेली असते, तिला सावलीत आणून मग सुरुवात करा.

४० ते ५० अंश पुरेत. तेवढ्यात व्हिनाइल लवचीक होतं आणि डिंक व्हिनाइलला धरून राहतो. त्याच्या वर गेलं की डिंक मधोमध फाटतो: अर्धा व्हिनाइलला, अर्धा बोटीला. बहुतेकांचा चिकटा मागे राहतो तो याच घाईमुळे.

ओढताना पट्टी स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर. काटकोनात वर खेचली की तुटते. वेग सेकंदाला एक-दोन सेंटीमीटर. हळू ओढायचा कंटाळा आला तर पुढे तासभर डिंक खरवडायचा आहे हे आठवावं.

बारा वर्षांच्या व्हिनाइलमधलं मऊपणा देणारं द्रव्य निघून गेलेलं असतं. ते तापवूनही तुटणारच. तिथे प्लॅस्टिकचं ब्लेड हातात घेऊन बसावं लागतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: उष्णता आणि द्रावण एकाच बैठकीत नाही. द्रावण लावलेल्या जागेवर हीट गन म्हणजे आग. आधी गरम करून जे निघेल ते काढा, हीट गन उचलून दूर ठेवा, मगच डबा उघडा.

---

नांगरदोर

रंगाचं थिनर घरात पडून आहे, ते चालेल का?

---

द्रावक

नको. थिनर म्हणजे एक रसायन नव्हे, मिश्रण आहे. टोलुईन, कीटोन, एस्टर यांचं प्रमाण डब्यागणिक वेगळं. कोपऱ्यात एका डब्याने घेतलेली चाचणी दुसऱ्या डब्याला लागू पडेलच असं नाही. मिथिलीन क्लोराइड असलेला पेंट रिमूव्हरही जेलकोटवर नको, तो डिंकाबरोबर जेलकोटलाही सुरकुत्या पाडतो.

टर्पेंटाइनला दाद न देणाऱ्या ॲक्रिलिक डिंकावर झायलीन जास्त लवकर काम करतं. ते १४० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे ॲसिटोनसारखं पळत नाही. जेलकोटवर ५ मिनिटांच्या वर ठेवू नका. वास डोक्यात जातो, तेव्हा उघड्यावरच आणि मास्क लावून.

---

कोरडी_गोदी

रबराच्या चाकाबद्दल अजून कोणीच कसं बोललं नाही? गाडीच्या गॅरेजात पट्टे काढायला वापरतात ते, ड्रिलला लागतं. पेन्सिल खोडल्यासारखं डिंक खोडतं. फोम टेपच्या डिंकावर याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

पण ते गाडीच्या भट्टीत भाजलेल्या रंगासाठी केलेलं आहे. जेलकोटवर वापरताना:

– चाकावर कमाल वेग छापलेला असतो, बऱ्याच चाकांवर मिनिटाला ४००० फेरे. जेलकोटवर १५०० ते २०००च्या वर जाऊ नका.
– अँगल ग्राइंडरला कधीही लावू नका. तो १०-११ हजार फेऱ्यांनी फिरतो, चाक फुटून तोंडावर येतं.
– एका जागी दोन सेकंदांच्या वर नाही. चाक चपट धरू नका, कड लावा आणि त्याच्या वजनावर सोडा. दाबलं की उष्णता वाढते.
– जळक्या रबराचा वास आला किंवा काळपट पट्टा उमटला तर थांबा. पट्टा कॉम्पाउंडने (घासून चकाकी आणायच्या पेस्टने) जातो, जेलकोट लाटेसारखा झाला तर तो जात नाही.
– एकघटकी रंगावर नाहीच. डेकच्या नक्षीवरही नाही, उंचवटे खाऊन टाकतं.

फोम टेपला चाक लावण्याआधी फोम कापून घ्या. मासेमारीची नायलॉनची दोरी, अर्धा मिलिमीटर जाडीची, हातभर लांब. दोन्ही टोकांना काठी बांधून फोम आणि बोट यांच्या मधून करवतीसारखी पुढेमागे ओढत न्या. फोम मधोमध न कापता दोरी बोटीच्या अंगाला घासत ठेवायची, म्हणजे मागे एक मिलिमीटरहून कमी उरतं. आधी थोडी हेअर ड्रायरची हवा दिली तर दोरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. उरलेल्या थराला अंगठ्याने एका कडेपासून वळवत गेलात तर बराचसा दोरीसारखा गुंडाळत येतो. थंडीत ही कामं करू नका, फोम टेप थंडीत कडक होऊन चुरा होतो.

---

शिडाचं_कापड

डेकच्या नक्षीबद्दल. तिथे स्क्रेपर खाली पोचतच नाही, आणि द्रावण आडव्या जागेवर साचून राहतं हा फायदा आहे. लिमोनीनचा जेल मिळाला तर तो घ्या. पातळ द्रावण असेल तर जुन्या टॉवेलचा तुकडा भिजवून पसरा आणि वर फिल्म. २० मिनिटांनी नायलॉनचा कडक ब्रश, गोल नाही तर नक्षीच्या रेषेत. फुगलेला डिंक दाण्यांसारखा वर येतो. तो लगेच लाकडाचा भुसा किंवा फाडलेला टिश्यू टाकून शोषून उचला. पाण्याने ढकलायला गेलात तर तो पुढच्या नक्षीत जाऊन बसतो.

पितळी किंवा लोखंडी तारेचा ब्रश नको. लोखंडाचे बारीक कण जेलकोटमध्ये अडकतात आणि आठवड्यात गंजाचे ठिपके दिसतात. ॲल्युमिनियमच्या बोटीवर तर स्टील वूलही नको, तिथे गंजाबरोबर ॲल्युमिनियमही खायला लागतं.

मॅट पूर्ण काढलीत का, की खाली तिचा कागदासारखा थर राहिलाय? थर राहिला असेल तर आधी तो ओला न करता खरवडा. द्रावण त्याच्यातून खाली जात नाही.

---

उलटं_वल्हं

थर राहिलाय, दोन ठिकाणी. सीलंटचं बघितलं: एका क्लीटभोवती नख रुततं आणि भरून येतं. दुसऱ्याभोवती पाण्याचे थेंब पळतात.

---

साडेतीन_गाठी

म्हणजे पहिलं पॉलियुरेथेन, दुसरं सिलिकॉन. कोणीतरी मधे डागडुजी केली असणार.

पॉलियुरेथेन: थ्रीएम ५२००, सिकाफ्लेक्स अशा जातीचं सीलंट एकदा पूर्ण वाळलं की नेहमीचं कुठलंच द्रावण ते विरघळवत नाही. ओलं असताना मिनरल टर्पेंटाइनने पुसता येतं, नंतर नाही. आता कापणं आणि खरवडणं. क्लीट काढायचा असेल तर बोल्ट काढा, मग धातूचा क्लीट तापवा, डेक नव्हे. धातूतून उष्णता सीलंटपर्यंत जाते आणि ते मऊ पडतं. गिटारची पातळ तार किंवा अशीच स्टीलची तार खालून करवतीसारखी फिरवा. पेचकस खुपसून उचकटू नका, क्लीटबरोबर जेलकोटचा टवका येतो. डेकवर उरलेलं धारदार प्लॅस्टिक ब्लेडने पातळ-पातळ काढत जा. शेवटचा पारदर्शक पापुद्रा ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्याबरोबर.

सिलिकॉन: याचा त्रास दिसत नाही, पुढे जाणवतो. वरचं निघाल्यावरही एक अदृश्य थर मागे राहतो. त्यावर ना नवं सीलंट चिकटत, ना रंग. रंग मारलाच तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. क्रम चुकवू नका:

आधी ब्लेडने जेवढं निघेल तेवढं. मग मिनरल टर्पेंटाइनने १० मिनिटं भिजवा, सिलिकॉन फुगतं. प्लॅस्टिकने खरवडा. मग सिलिकॉन खाणारा रिमूव्हर मिळतो तो लावा, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, आणि धुऊन टाका. हे सगळं झाल्यावरच वॉटर पेपर. आधीच घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत भरतं आणि मग बाहेर येत नाही. इथे वापरलेला फडका दुसरीकडे नेऊ नका, सरळ टाकून द्या. आणि आज सिलिकॉनला हात लावलात तर बाकीच्या अंगाचं काम उद्या.

---

बिल्जमधलं_पाणी

चर्चा छान चालली आहे, पण वाफेबद्दल एकच ओळ आलीय. ॲसिटोन, झायलीन, टर्पेंटाइन, सगळ्यांची वाफ हवेपेक्षा जड. डेकवर उघड्या हवेत काम करताय असं वाटतं आणि वाफ मात्र हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून) खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे, साचते. तिथे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच असतो. एक ठिणगी पुरते.

ॲसिटोन उणे २० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ देतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ला, झायलीन २७च्या आसपास, मिनरल टर्पेंटाइन साधारण ४०ला, लिमोनीन ४८ला. म्हणजे पहिली तिन्ही नेहमीच्या हवेत कायम तयार. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी बॅटरी स्विच बंद, डेकवर काम असेल तर खालचे हॅच बंद, आणि केबिनमध्ये काम असेल तर सगळं उघडं.

हातमोजे: निळे नायट्राइल टर्पेंटाइनला उत्तम. ॲसिटोनला ते काही मिनिटांत हार मानतात, झायलीनला फारसे टिकत नाहीत. बोटांना थंडगार वाटलं की द्रावण आत आलेलं आहे, बदला. ॲसिटोनसाठी ब्यूटाइल रबराचे. मास्क सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा हवा, धुळीचा पांढरा मास्क वाफेला काहीच करत नाही.

भिजलेले फडके चुरगळून बादलीत कोंबू नका. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा. खरवडलेला डिंक आणि द्रावण पाण्यात पडू द्यायचं नाही. खाली ताडपत्री अंथरा, उरलेलं बंद डब्यात भरून रासायनिक कचऱ्यात द्या.

---

नांगरदोर

खिडकीवर पण स्टिकरचा डिंक आहे. तिथेही टर्पेंटाइन?

---

द्रावक

काच असेल तर काहीही चालेल, अगदी स्टीलचं ब्लेडसुद्धा, काच ओली ठेवून. पण बोटीच्या खिडक्या बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्यांना ॲसिटोन, झायलीन, थिनर लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा जातात. ॲक्रिलिकला अल्कोहोलनेही जातात, विशेषतः स्क्रूच्या भोकांपाशी, कारण तिथे ताण असतो. साबणाचं कोमट पाणी, आणि नाहीच निघालं तर खोबरेल तेल लावून तासभर ठेवा. डिंक हळूहळू मऊ होतो. कागदी फडका नको, बारीक ओरखडे उठतात. मायक्रोफायबर घ्या.

फुगवायच्या बोटींच्या नळकांड्यांचं वेगळं आहे. पीव्हीसीला बहुतेक तीव्र द्रावणं खातात, हायपालॉन (कृत्रिम रबराचं कापड) बऱ्यापैकी सोसतं. कुठलं कापड आहे हे कळेपर्यंत साबण-पाण्यापुढे जाऊ नका.

---

गरम_हवा

लाकडी बोटीचं कोणी विचारेलच: व्हार्निश असेल तर टर्पेंटाइन, तेही कोपऱ्यात तपासून. लाकूड उघडं असेल तर द्रावण नाहीच. पातळ झालेला डिंक रेषांत मुरतो आणि डाग कायमचा. धारदार पत्र्याने रेषेच्या दिशेने खरवडा.

---

उलटं_वल्हं

एका अंगाचं काम झालं. फिल्मची कृती पट्ट्याला दोन फेऱ्यांत लागू पडली, दुसऱ्या फेरीत डिंक सलग सालीसारखा आला. आता दोन शंका. डिंक पूर्ण गेलाय हे कसं कळणार, पांढऱ्यावर पारदर्शक दिसतच नाही. आणि अक्षरं अजून वाचता येतात! टर्पेंटाइनने चार वेळा पुसलं तरी तशीच आहेत.

---

कोरडी_गोदी

पहिल्या शंकेला कापसाचा बोळा. कोरडा कापूस हलक्या हाताने फिरवा, डिंक असेल तिथे तंतू अडकून उभे राहतात. डोळ्याला न दिसणारा थरही सापडतो. टॉर्च आडवी धरून बघितलीत तर अजून स्पष्ट. कॉम्पाउंड लावायच्या आधी हे कराच. डिंक राहिला तर बफिंगच्या पॅडवर जाऊन बसतो आणि पॅड फेकावं लागतं.

दुसरी शंका: तो डिंक नाही. तिला भुताची अक्षरं म्हणतात. बारा वर्षं स्टिकरखालच्या जेलकोटला ऊन लागलं नाही, बाजूच्याला लागलं. बाजूचा खडूसारखा फिका आणि थोडा झिजलेला, खालचा नवाकोरा. म्हणजे जिथे अक्षर दिसतंय तो भाग चांगला आहे, बिघडलेला बाजूचा! त्यामुळे अक्षर घासत बसू नका. कितीही द्रावण लावलं तरी जाणार नाही, उलट जेलकोट कोरडा पडेल.

नख आडवं फिरवा. कडेला अडत नसेल तर फरक फक्त रंगाचा आहे. जाड कॉम्पाउंड, लोकरीचं पॅड, १२०० ते १५०० फेरे, आणि अक्षरांच्या बाहेर हातभर जागेपर्यंत पसरत जा. मग बारीक पॉलिश, फोमचं पॅड.

नख अडत असेल तर पायरी आहे, तिथे वॉटर पेपर. १०००, मग १५००, मग २०००. ठोकळ्यावर गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. घासायच्या आधी जागेवर साध्या पेन्सिलीने आडव्या-तिडव्या रेघा मारा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की थांबा. कुठे राहिल्या तर ती खोलगट जागा, तिथे बोटाने दाबून घासायचा मोह होतो, तो टाळा.

जेलकोट मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि कधीकाळी बफिंग झालं असेल तर त्याहून कमी. घासताना पाण्याचा रंग दुधाळ असतो. जागा गडद किंवा पारदर्शक दिसायला लागली, धाग्यांची चौकट डोकावली, की जेलकोट संपला. मग डिंकाचा नाही, जेलकोट भरायचा धागा काढावा लागेल :) कडा आणि वळणांवर तो सर्वांत पातळ, तिथे कागद लावूच नका.

गडद निळ्या किंवा लाल बोटींवर ही अक्षरं पूर्ण जात नाहीत, कारण तिथे रंगद्रव्यच उडालेलं असतं. पांढऱ्यावर बरीचशी जातात. थोडी सावली उरलीच तर नवा पट्टा तिथेच लावून झाकणं शहाणपणाचं.

---

उलटं_वल्हं

नख अडत नाही. कॉम्पाउंडच पुरेल असं दिसतंय. नवा पट्टा तिथेच लावायचा आहे, मग वॅक्स आधी की नंतर?

---

साडेतीन_गाठी

नंतर, आणि पट्ट्यावर किंवा त्याच्या कडांवर नाही. कॉम्पाउंड आणि पॉलिशमध्येही तेल असतं, तेव्हा पट्टा लावायच्या आधी जागा पुन्हा धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० आणि पाणी ३० असं करून दोन फडक्यांच्या पद्धतीने पुसा.

मग स्वच्छ पाणी शिंपडा. पाण्याचा पडदा सलग राहून हळूहळू खाली उतरला तर जागा तयार आहे. फाटून थेंब झाले, तर तिथे अजून तेल, वॅक्स किंवा सिलिकॉन आहे, पुन्हा पुसा. पृष्ठभाग १० अंशांच्या खाली असेल तर थांबा, डिंक पकडणार नाही. कडक उन्हातही नको, व्हिनाइल ताणलं जातं.

क्लीटच्या सिलिकॉनवाल्या जागेपासून दोन हात लांबून सुरुवात करा. तिथलं पाणी फाटतंय का ते शेवटी वेगळ्या फडक्याने बघा.

---

उलटं_वल्हं

बघितलं. फाटतंय. रिमूव्हरची दुसरी फेरी लावतो.